सातवा अध्याय



पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले दोन अध्याय आपल्या मंडळ्यांत सगळ्यांच्या कानावरचे आहेत. तेरावा लग्नात वाचतात, पंधरावा दफनविधीत. वधूवर वेदीपुढे उभे राहिले की प्रीतीचा तेरावा, आणि पेटी खाली उतरवायची वेळ आली की पुनरुत्थानाचा पंधरावा. सातवा मात्र कुठेच वाचला जात नाही. गंमत अशी की लग्न आणि आयुष्याची मुदत या दोन्ही गोष्टी एकाच दमात बोलणारा अध्याय तोच. लग्नात वाचावा तर वरमाई रुसेल, कारण एकटे राहिलात तर बरे असे त्यात स्पष्टच सुचवले आहे. मयतीत वाचावा तर लोक म्हणतील, इथे बायकोचा विषय कशाला काढला? म्हणून तो राहूनच जातो.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते त्या बाईंना नेमका हाच अध्याय आवडायचा. त्यांचे लग्न झाले नव्हते, आणि उभी हयात शाळेत गेली. माझे नाव कशालाही देऊ नका असे त्यांनी लिहून ठेवले होते, म्हणून या व्याख्यानाला नाव नाही. आपण सगळे नुसते ‘बाईंचे व्याख्यान’ म्हणतो. मी पाळक नाही, इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. तेव्हा आज उपदेशाची अपेक्षा ठेवू नका. हा अध्याय कुठे लिहिला गेला, आणि आपल्या मुलखात तो कोणाकोणाच्या आयुष्यातून गेला, एवढेच मी सांगणार आहे.

करिंथ हे नवे शहर होते. जुने करिंथ रोमन सेनापती मुम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केले. शंभर वर्षे तिथे पडझडच होती. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवले, आणि गुलामीतून सुटलेले, नशीब काढायला निघालेले लोक तिथे आले. दोन बाजूंना दोन समुद्र, दोन बंदरे, हातात खेळता पैसा. जुनी घराणी थोडी आणि नवश्रीमंत फार. अशा गावात पौल इ.स. ५०च्या सुमारास पोहोचला आणि उतरला तो एका जोडप्याच्या घरी. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून घालवले तेव्हा हे दोघे इकडे आले होते. धंदा तंबू करण्याचा, आणि पौलाचाही तोच.

ते दुकान डोळ्यांपुढे आणा. अरुंद गाळा, जाड कापडाचे आणि कातड्याचे ढीग. आरीने भोक पाडायचे, दोरा ओवायचा, दातांत धरून ओढायचा. नवरा-बायको शेजारी बसून शिवताहेत आणि त्यांच्यासोबत हा एकटा पाहुणाही शिवतो आहे. लग्नाविषयी पौलाने पुढे जे लिहिले त्याच्यामागे हे घर आहे. त्याला लग्नाचा तिटकारा होता असे म्हणणाऱ्यांनी या दुकानाकडे एकदा बघावे. पौल तिथे दीड वर्ष राहिला. तो इफिसला निघाला तेव्हा हे दोघेही त्याच्याबरोबर निघाले, आणि इफिसहून त्याने हे पत्र लिहिले त्याच्या शेवटी त्यांचा नमस्कार आहे. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात तो सांगतो की पेत्र प्रवासाला निघतो तो बायकोला बरोबर घेऊन. म्हणजे आपले एकटेपण हा प्रेषितांचा नियम नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता कायद्याचे बघू, कारण ही गोष्ट आपल्या प्रवचनांत कधी येत नाही. ऑगस्टस सम्राटाने इ.स.पू. १८ मध्ये आणि पुन्हा इ.स. ९ मध्ये विवाहाचे कायदे केले. रोमन नागरिक असलेला पुरुष २५ ते ६० या वयात आणि स्त्री २० ते ५० या वयात अविवाहित राहिली, तर वारसाहक्कावर गदा यायची. विधवेने दोन वर्षांत पुन्हा लग्न करावे अशी तरतूद होती. साम्राज्याला माणसे हवी होती, चांगल्या घराण्यांतली मुले हवी होती. हे कायदे कॉन्स्टंटाइनने ३२० मध्ये शिथिल केले, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ ते टिकले. अशा राज्यात, रोमन वसाहत असलेल्या शहरातल्या लोकांना, एक तंबूवाला लिहितो की लग्न न केलेल्याने तसेच राहिले तरी चालेल, विधवेने तसेच राहिले तरी चालेल. आज आपल्याला हा अध्याय सोवळा वाटतो. त्या काळच्या करिंथमधल्या एखाद्या श्रीमंत विधवेला तो चांगलाच मोकळा वाटला असेल.

आणि पौल सांगतो कसे ते बघा. या अध्यायात तो प्रभूची आज्ञा वेगळी काढून ठेवतो आणि स्वतःचे मत वेगळे. घटस्फोटाविषयी सांगताना म्हणतो, हे माझे नव्हे, प्रभूचे आहे. मग पुढे म्हणतो, हे प्रभूचे नव्हे, माझे आहे. अविवाहितांचा विषय आला की पुन्हा सांगतो की याबाबत माझ्याकडे आज्ञा नाही, नुसता अभिप्राय आहे. शेवटी जरा फुरंगटून म्हणतो, मलाही देवाचा आत्मा आहे असे मला वाटते. नव्या करारात इतका जपून बोलणारा पौल दुसरीकडे सापडत नाही. मंडळीने मात्र पुढे त्याच्या अभिप्रायाच्या आज्ञा केल्या. काही शतकांनी एकटेपण वरची पायरी ठरले आणि लग्न खालची. मग १५२५ मध्ये मार्टिन लूथरने, एका मठवासीने, मठातून पळालेल्या काथारीना फोन बोराशी लग्न केले, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पारडे दुसऱ्या बाजूला इतके झुकले की लग्न न केलेला पाळक दिसला की लोकांना शंका येऊ लागली. दोन्हीकडच्यांनी पौलाचेच नाव घेतले.

मूळ प्रश्न काळाचा आहे. काळ आखूडला आहे, असे पौल म्हणतो, आणि मग पाच गोष्टी सांगतो. बायको असलेल्याने नसल्यासारखे असावे. रडणाऱ्याने रडत नसल्यासारखे, आनंद करणाऱ्याने करत नसल्यासारखे. विकत घेणाऱ्याने आपल्याकडे काही नसल्यासारखे. जगाचा उपयोग करणाऱ्याने त्यात न गुंतल्यासारखे. पाच आहेत, पण आपल्याला पहिली तेवढी आठवते. बायकोच्या मोहात पडू नका असे तावातावाने सांगणारे पुष्कळ ऐकले. महामार्गालगत तिसरा प्लॉट घेणाऱ्याला, बाबा, नसल्यासारखा घे, असे कोणी व्यासपीठावरून म्हटलेले माझ्या ऐकिवात नाही.

आपल्या घरांत तर काळ थोडा आहे या वाक्याचा वापर नेमका उलटा होतो. मुलगी अठ्ठावीसची झाली की आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी एकच: वय निघून चाललंय, आता फार चिकित्सा करू नका. म्हणजे आयुष्य थोडे आहे म्हणून लग्न उरका. पौल म्हणतो आयुष्य थोडे आहे म्हणून लग्न हे माणसाचे माप धरू नका. झाले तर झाले, पाप नाही. नाही झाले तर उणेपणाही नाही. पण ही उणेपणा नसल्याची गोष्ट आपण मनावर घेतलेली नाही.

पौलाला वाटले होते की प्रभू आपल्या हयातीत परत येईल. तो आला नाही. हे सांगताना काही जण शब्दांची कसरत करतात, मला त्याची गरज वाटत नाही. पौल ज्या सध्याच्या अडचणीचा उल्लेख करतो तिचा संबंध काही अभ्यासक धान्यटंचाईशी जोडतात, आणि क्लौद्याच्या कारकिर्दीत ठिकठिकाणी दुष्काळ पडले हे खरे आहे. तसे असेल तर आपल्या नगर जिल्ह्यात तरी हा सल्ला कोणाला समजावून सांगावा लागू नये. पाऊस गेला की ठरलेली लग्ने पुढे ढकलतात, आणि त्यामागे कोणाचे ब्रह्मज्ञान नसते. पण दुष्काळ असो वा युगाचा अंत, पौलाच्या अंदाजाची मुदत टळून गेली तरी एकेका माणसाची मुदत टळत नाही. ती कशी पडते, हे आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासात फार जवळून दिसते.

हॅरिएट अ‍ॅटवुड ही मॅसॅच्युसेट्समधली मुलगी. १८१२च्या फेब्रुवारीत तिचे सॅम्युअल न्यूएलशी लग्न झाले, आणि दहा दिवसांत सेलम बंदरातून ‘कॅराव्हॅन’ जहाजाने दोघे हिंदुस्थानला निघाले. वय अठरा. कलकत्त्याला पोहोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. मॉरिशसला जाताना जहाजातच मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट मॉरिशसमध्ये क्षयाने वारली. एकोणीस वर्षांची. तिच्या मिशनकार्याला सुरुवातही झाली नव्हती. पण तिच्या चरित्राच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि अमेरिकेत कितीतरी मुलींची नावे तिच्यावरून ठेवली गेली.

सॅम्युअल पुढे सिलोनमार्गे मुंबईला आला, मराठी मिशनमध्ये राहिला, त्याने दुसरे लग्न केले आणि १८२१ मध्ये पटकीने गेला. त्याच्या विधवेने पुढे मिशनच्या छापखान्यातल्या माणसाशी लग्न केले. गॉर्डन हॉल हा त्याचा सहकारी. त्याची बायको मुलांना घेऊन १८२५ मध्ये अमेरिकेला निघाली आणि एक मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. इकडे १८२६च्या मार्चमध्ये हॉल नाशिकला गेला होता. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली आणि परतताना वाटेत एका देवळाच्या ओसरीवर तो स्वतःच पटकीने गेला. मुंबईच्या त्या मिशनमध्ये कोण सधवा, कोण विधुर, कोण विधवा हे ठरवायला वर्षसुद्धा लागत नसे. बायको असलेल्याने नसल्यासारखे असावे, हे वाक्य तिथे कोणी मुद्दाम पाळायची गरज नव्हती.

आणि मग १८२७ मध्ये, हॉल गेल्यानंतरच्या वर्षी, मुंबईला सिंथिया फरार उतरली. तिशी ओलांडलेली, अविवाहित. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेने आशियात पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. काम एकच, मुलींच्या शाळा पाहायच्या. आधी मुंबईत, नंतर इथे नगरला. १८६२ मध्ये ती नगरलाच वारली. म्हणजे चौतीस-पस्तीस वर्षे. जोतीराव फुले इथे येऊन तिची शाळा बघून गेले, आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली त्यामागे नगरच्या या शाळेचा ठसा होता. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले असे सांगितले जाते.

हॅरिएटच्या चरित्राची पारायणे झाली, फरारबाईंच्या वाट्याला तसले काही आले नाही. तरुण, नवविवाहित आणि मृत असली की भक्ती लोकांच्या मनात चटकन घर करते. तीस-पस्तीस वर्षे पाट्या तपासणाऱ्या, हजेरी घेणाऱ्या, पावसाळ्यात गळणारे छप्पर शाकारून घेणाऱ्या एकट्या बाईची भक्ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पौल म्हणतो की अविवाहित माणूस प्रभूच्या गोष्टींची काळजी करतो. त्या गोष्टी दिसतात कशा, तर मला वाटते अशा दिसतात.

विधवेविषयी पौल अध्यायाच्या शेवटी दोनच वाक्ये बोलतो. तिला हवे तर तिने लग्न करावे, पण तशीच राहिली तर अधिक सुखी असेल, आणि हेही माझे मत. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवेला पहिले वाक्य उपलब्धच नव्हते, आणि दुसरे तिच्यावर लादलेले होते, तेही सुखाचा भाग वगळून. पंडिता रमाबाईंनी ते दोन्ही आपल्या मर्जीने वापरले. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी जात आणि प्रांत ओलांडून लग्न केले. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने मेधावी गेले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई अजून चोविशीच्या आत होत्या. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. पण १८८९ मध्ये मुंबईला सुरू केलेल्या त्यांच्या शारदा सदनातली गोदूबाई नावाची विद्यार्थिनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाहबद्ध झाली आणि आनंदीबाई कर्वे झाली. केडगावला त्यांनीच उभारलेल्या मुक्ती सदनातून कितीतरी मुलींची लग्ने लागली, कितीतरी तिथेच काम करत राहिल्या. स्वतः एकटी राहिलेली बाई दुसऱ्यांना एकटेपणाची सक्ती करत नाही, हे मला रमाबाईंचे मोठे देणे वाटते. स्वतः एकटे राहून इतरांवर तेच लादणारे धर्मपुरुष सर्व धर्मांत पैशाला पासरी मिळतात.

मनोरमाबाईही अविवाहित राहिल्या. आईच्या पश्चात मुक्ती सांभाळायची ती त्यांनीच, असे धरले होते. त्या २४ जुलै १९२१ रोजी गेल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. शेवटच्या त्या नऊ महिन्यांत रमाबाई बायबलच्या भाषांतराचे काम उरकत होत्या. सगळे बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेल्या त्या एकट्या स्त्री. ते छापून पुरे झाले १९२४ मध्ये. काळ थोडा आहे याचा अर्थ घाई करणे असा नसतो, हे त्या कामाकडे पाहून कळते. वर्षानुवर्षे चालणारे भाषांतर घाईवाल्याने हातात घेतलेच नसते.

आता टिळकांच्या घरी जाऊ. इतक्या वेळ मी त्याच घराकडे येत होतो.

कवी नारायण वामन टिळकांचे लग्न १८८० मध्ये झाले. ते अठरा-एकोणीस वर्षांचे, लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायको हिंदू, सोवळ्यातली, लहान मुलगा पदरात, आणि माहेरची माणसे तिला नवऱ्यापासून लांब ठेवायला उभी. सातव्या अध्यायातल्या बाराव्या ओवीपासूनच्या पाच ओव्या नेमक्या अशा घरासाठी आहेत. विश्वास न ठेवणारा जोडीदार बरोबर राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, निघून जायचे म्हणाला तर जाऊ द्यावे. याच ओव्यांच्या आधाराने हिंदुस्थानात १८६६ साली कायदाही झाला होता. धर्म बदलल्यामुळे नवरा किंवा बायको सहा महिने सोडून राहिली तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेता येई, मात्र न्यायाधीशाने मध्ये वर्षभर थांबून पुन्हा विचारावे अशी सोय होती. टिळकांपुढे ती वाट उघडी होती. तिकडे ते वळले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, कविता लिहिल्या, रागावले, विनवण्या केल्या, वाट पाहिली. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला, आणि तो नवऱ्याने ओढून नेले म्हणून झाला नाही. त्यांच्या डोक्यातला जातीचा गुंता त्यांनी स्वतः बसून सोडवला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो भाग जरूर वाचा. मराठी गद्यात इतका स्वच्छ विचार इतक्या कमी डामडौलाने दुसऱ्या कोणी मांडलेला मला ठाऊक नाही.

पण मी ज्यासाठी या घरी आलो ते पुढेच आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतला. ख्रिस्ती माणसाने संन्यास घ्यायचा म्हणजे काय, याबद्दल त्या वेळच्या मिशनऱ्यांची तारांबळ उडाली असणार. टिळकांना ख्रिस्त दिसला तो तुकारामाच्या वाटेने गेल्यावर, असे ते स्वतःच सांगत. तेव्हा त्यांच्या लेखी त्यात नवल काही नव्हते. साताऱ्याला राहायचे, ‘देवाचा दरबार’ भरवायचा, जो ख्रिस्तावर प्रेम करतो तो बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, दरबारातला. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती तोळामासा. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईला गेले, म्हणजे संन्यासानंतर दोनच वर्षांत. काळ थोडा आहे हे त्यांना कळले होते असेच म्हणावे लागते.

तो संन्यास मला आवडतो. त्यात मराठी ख्रिस्ती माणूस प्रथमच मिशनच्या पगारावरून उठून आपल्या मातीत बसलेला दिसतो. पण पगार सोडण्याचा निर्णय एकाचा असला तरी महिनाअखेर घरातल्या सगळ्यांची असते. ‘स्मृतिचित्रे’ आपण हसत हसत वाचतो. टिळक पैसे वाटून टाकताहेत, वाटेत भेटलेल्याला घरी घेऊन येताहेत, कोणाचेही पोर सांभाळायला आणताहेत. बालकवी ठोंबऱ्यांनाही या घरात आसरा मिळाला, आणि तेही टिळकांच्या आधी वर्षभर, १९१८ मध्ये, सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वेखाली सापडून गेले. हसून झाल्यावर एकदा पुन्हा वाचा आणि प्रत्येक पाहुण्यामागे पीठ कोणी मळले ते बघा. आल्यागेल्याला पान वाढताना लक्ष्मीबाईंनी डब्याचा तळ पाहिलेला असतो, आणि नवऱ्याला त्याचा पत्ता नसतो. घरधनी संसार नसल्यासारखा राहू शकला, कारण संसार आहे हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सतत लक्षात ठेवावे लागत होते.

मराठी माणसाला हे नवे नाही. लग्नमंडपातून निघून गेलेले रामदास आपण घरोघर सांगतो, आणि अंतरपाटापलीकडे उभ्या राहिलेल्या मुलीचे पुढे काय झाले हे विचारत नाही. पण आपल्याच परंपरेत विठ्ठलपंतांची कथाही आहे. ज्ञानदेवांचे वडील. बायकोची खरी संमती नसताना काशीला जाऊन त्यांनी संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रा करत आळंदीला आले. विठ्ठलपंतांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, गुरूंनी पुत्रवती भव म्हटले, आणि बोलता बोलता सगळा उलगडा झाला. गुरूंनी विठ्ठलपंतांना संसारात परत पाठवले. समाजाने त्यांना त्याबद्दल छळले ही गोष्ट वेगळी, पण गुरूचा निवाडा स्पष्ट होता. जोडीदाराला अंधारात ठेवून घेतलेली विरक्ती ही विरक्ती नव्हे.

पौलाचा निवाडाही तोच आहे, आणि तो याच अध्यायात, आखूड काळाच्या चोवीस ओव्या आधी आहे. नवरा-बायकोने एकमेकांना वंचित करू नये. प्रार्थनेसाठी वेगळे व्हायचे तर दोघांच्या संमतीने आणि ठरावीक काळापुरते, मग पुन्हा एकत्र यावे. नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आहे असेही तो तिथे लिहितो. बायकोवर नवऱ्याचा अधिकार आहे हे त्या काळी कोणीही लिहिले असते. उलटे वाक्य लिहिणारा विरळा. म्हणून एकोणतिसावी ओवी पाचवी सोडून वाचू नये, हे माझे म्हणणे आहे. बायको असून नसल्यासारखे राहायचे असेल तर आधी तिला विचारायचे. तिच्या परवानगीशिवाय भक्तीला वेळ काढणारा नवरा पौलाच्या हिशेबात भक्त ठरत नाही, तो दुसऱ्याचा वेळ आपल्या नावावर देवाला देतो. आणि तिलाही तसाच वेळ लागेल तेव्हा पीठ कोण मळणार, याचे उत्तर त्याच्याकडे असले पाहिजे.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले होते, ते दहा-साडेदहा अध्यायांवर थांबले. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. वैधव्यात, संसाराचा पसारा आवरत, त्यांनी ते पुढे नेले आणि साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९३८ मध्ये बाहेर आले. नवऱ्याचे काम बायकोने पुरे केले म्हणून आपण तिचे कौतुक करतो. आकडा पाहिला तर काम तिचे होते आणि त्याची सुरुवात त्याने करून दिली होती. सवड मिळाल्यावर या बाईने काय केले ते इथे दिसते. ती सवड तिला नवरा गेल्यावर मिळाली, ही गोष्ट मला बोचते. पौलाला अविवाहित आणि विधवा स्त्रियांविषयी जे दिसत होते, की त्यांचे लक्ष दुभंगत नाही, ते खरे आहे. पण सधवेचे लक्ष दुभंगते ते लग्नामुळे, की लग्नातली कामे एकाच्याच गळ्यात पडतात म्हणून, हा प्रश्न त्याने विचारला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे प्रिस्किल्ला होती, नवऱ्याच्या शेजारी बसून शिवणारी, त्याच्याबरोबर शिकवणारी. कदाचित म्हणून विचारायची गरज त्याला वाटली नसेल.

शेवटचे बोलतो, वेळ झाली आहे. आपल्या मंडळीच्या यादीत घरटी वर्गणी असते. एकट्या राहणाऱ्या नर्स, शिक्षिका, बायबलबाई यांचे नाव भावाच्या किंवा भाच्याच्या घराखाली येते. चाळीस-चाळीस वर्षे संडे स्कूल चालवलेली बाई वार्षिक सभेत मत द्यायला उभी राहिली की कोणाच्या घरची, असे अजून विचारले जाते. नाताळात कुटुंबांचा कार्यक्रम होतो आणि त्यांना चहा वाटायला लावतात. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते तेव्हा त्या जातात कुठे, हे विचारायची आपल्याला सवय नाही. पौलाचा अभिप्राय आपण देवाचे वचन म्हणून छापतो, मग त्या अभिप्रायाप्रमाणे जगलेल्यांच्या म्हातारपणाची काहीतरी सोय आपल्या अंदाजपत्रकात असायला हवी की नको?

बाईंनी मागे ठेवलेल्या पैशांतून दरवर्षी हे व्याख्यान होते, चहापाणी होते, आणि बरीच रक्कम बँकेत पडून राहते. विश्वस्त इथे बसले आहेत. माझी सूचना अशी की व्याख्यान दोन वर्षांतून एकदा ठेवावे आणि वाचलेल्या पैशात आवाराच्या मागच्या त्या दोन बंद खोल्या दुरुस्त करून निवृत्त एकट्या बायकांना राहायला द्याव्यात. वीज आहे, पाणी जवळ आहे, छप्पर तेवढे बदलावे लागेल. हा विषय येत्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर घ्यावा. सूचना मी लेखी आणली आहे, अनुमोदन कोणी देत असेल तर सभा संपल्यावर माझ्याकडे सही करावी.